लॅपटॉपला ब्लूटूथ जोडताना: आधी रेडिओ ओळखा, मग ड्रायव्हर निवडा

सोलापूरच्या नवी पेठेतून हेडफोन आणला, चार्ज केला, पण लॅपटॉपच्या यादीत त्याचं नावच येईना. अशा वेळी पहिला राग हेडफोनवर निघतो. दुकानात परत जाण्याआधी तोच हेडफोन घरातल्या मोबाइलला जोडून बघा. तिथे तो लगेच जोडला गेला, तर हेडफोन ठीक आहे. शोध लॅपटॉपमधल्या ब्लूटूथ रेडिओचा, म्हणजे लहरींवरून बोलणाऱ्या आतल्या चिपचा, आणि त्याच्या ड्रायव्हरचा, म्हणजे ती चिप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा घ्यायचा.

इथे एक गैरसमज सर्रास दिसतो. माउस, कीबोर्ड, हेडफोन यांच्यासाठी वेगळा ड्रायव्हर शोधत बसायची गरज नसते. त्यांना लागणारं सगळं विंडोज १० आणि ११ मध्ये आधीपासून असतं. ड्रायव्हर लागतो तो लॅपटॉपच्या आतल्या रेडिओला. ‘अमुक हेडफोन ड्रायव्हर डाउनलोड’ असं शोधून सापडणाऱ्या फायली म्हणूनच निरुपयोगी असतात, कधी कधी घातकही. कंपनीचं स्वतःचं अ‍ॅप असतं ते बटणांची मांडणी बदलायला किंवा उपकरणाचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, नवं करायला. जोडणीसाठी त्याची गरज नसते.

आणखी एक गोष्ट आधीच तपासा. वायरलेस लिहिलेला प्रत्येक माउस ब्लूटूथ नसतो. पोटात नखाएवढा यूएसबी रिसीव्हर असलेले कितीतरी माउस फक्त त्या रिसीव्हरवरच चालतात आणि ब्लूटूथच्या यादीत कधीच दिसत नाहीत. खोक्यावर किंवा माउसच्या पोटावर ब्लूटूथची खूण आहे का ते बघा. काहींवर दोन्ही सोयी असतात. तिथे खालचं बटण दाबून प्रकार बदलावा लागतो.

जोडणी

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग ‘ब्लूटूथ अँड डिव्हायसेस’, मग ‘अ‍ॅड डिव्हाइस’ आणि त्यात ‘ब्लूटूथ’. विंडोज १० मध्ये सेटिंग्ज, ‘डिव्हायसेस’, ‘अ‍ॅड ब्लूटूथ ऑर अदर डिव्हाइस’. इथपर्यंत सगळेच पोचतात. गाडी अडते ती पेअरिंग मोडवर, म्हणजे उपकरण नवी जोडणी स्वीकारायला तयार असण्याच्या स्थितीवर. उपकरण नुसतं चालू करणं वेगळं आणि पेअरिंग मोडमध्ये टाकणं वेगळं. हेडफोनचं पॉवर बटण साधारण ५ ते ७ सेकंद दाबून ठेवावं लागतं, दिवा भराभर किंवा दोन रंगांत लुकलुकू लागेपर्यंत. कानातल्या बड्सना बहुधा डबीचं झाकण उघडं ठेवून डबीवरचं बटण दाबायचं असतं. नेमकी पद्धत माहितीपत्रकात असते, तो कागद फेकू नका.

पेअरिंग मोडमध्ये टाकूनही नाव येत नसेल तर दोन कारणं आधी बघा. पहिलं म्हणजे उपकरण आधीच मोबाइलला चिकटलेलं असतं. मोबाइलचं ब्लूटूथ बंद करा, अगदी शेजारच्या खोलीतल्या टीव्हीचंसुद्धा, आणि पुन्हा प्रयत्न करा. दुसरं कारण विंडोज ११ मधलं आहे. ‘ब्लूटूथ डिव्हायसेस डिस्कव्हरी’ ही सेटिंग सुरुवातीला ‘डीफॉल्ट’वर असते आणि कमी प्रचलित उपकरणं यादीतून लपवते. ‘ब्लूटूथ अँड डिव्हायसेस’मधल्या ‘डिव्हायसेस’ पानावर खाली जाऊन ती ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ करा. बिलाचे प्रिंटर आणि बारकोड स्कॅनर बऱ्याचदा यानंतरच दिसू लागतात.

कीबोर्ड जोडताना पडद्यावर आकडे येतात. ते लॅपटॉपच्या कीबोर्डवर न टाइप करता नव्या कीबोर्डवर टाइप करून एंटर दाबायचं. जुन्या उपकरणांनी पिन मागितली तर ०००० किंवा १२३४ चालून जाते. ब्लूटूथ कीबोर्ड विंडोज सुरू झाल्यावरच जागा होतो, त्यामुळे बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ सेटिंग्जमध्ये, जायला लॅपटॉपचा स्वतःचा कीबोर्ड किंवा वायरचाच लागेल.

एकदा अर्धवट जोडणी झाली आणि फिसकटली, तर लॅपटॉपवरून ‘रिमूव्ह डिव्हाइस’ करून थांबू नका. उपकरणाच्या स्मरणातूनही जुनी जोडणी पुसा. बहुतेक हेडफोनना त्यासाठी रीसेटची वेगळी पद्धत असते. जोडणीची गुप्त किल्ली दोन्हीकडे साठवलेली असते. एकीकडे पुसली आणि दुसरीकडे जुनी राहिली, की पुढची जोडणी नाकारली जाऊ शकते. एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही टाकणाऱ्या इंजिनिअरिंगच्या मुलांना हाच त्रास होतो. रेडिओचा पत्ता तोच, पण प्रत्येक सिस्टिमची किल्ली वेगळी, म्हणून सिस्टिम बदलली की पुन्हा पेअर करावं लागतं.

आत कोणता रेडिओ आहे?

बहुतेक लॅपटॉपमध्ये वाय-फाय आणि ब्लूटूथ एकाच छोट्या कार्डावर असतात, पण मदरबोर्डशी त्यांचा संबंध वेगळा असतो. वाय-फाय सहसा पीसीआय एक्सप्रेसच्या मार्गाने बोलतं आणि ब्लूटूथ आतल्या आत यूएसबीच्या मार्गाने. वाय-फाय झकास चालू असताना ब्लूटूथचं बटणच गायब होण्याचं कोडं यातून सुटतं. दोघांचे ड्रायव्हरही वेगळे असतात. वाय-फायचा ड्रायव्हर टाकून ब्लूटूथ सुधारत नाही.

स्टार्ट बटणावर उजवी क्लिक करून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा. ‘ब्लूटूथ’ गटात ‘इंटेल वायरलेस ब्लूटूथ’, ‘रिअलटेक ब्लूटूथ अ‍ॅडॉप्टर’ असं काही दिसेल. नाव मोघम असेल, म्हणजे ‘जेनेरिक ब्लूटूथ अ‍ॅडॉप्टर’ किंवा ‘अननोन डिव्हाइस’, तर त्यावर उजवी क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, ‘डिटेल्स’ आणि यादीतून ‘हार्डवेअर आयडीज’ निवडा. ‘व्हीआयडी’ (VID) नंतरची चार अक्षरं चिप कोणाची ते सांगतात. ८०८७ म्हणजे इंटेल, ०बीडीए म्हणजे रिअलटेक, ०सीएफ३ म्हणजे क्वालकॉम अथेरॉस, ०ई८डी म्हणजे मीडियाटेक, ०ए५सी म्हणजे ब्रॉडकॉम, ०ए१२ म्हणजे सीएसआर. १३डी३, ०४८९ किंवा ०४सीए दिसलं तर तो कार्ड जुळवणाऱ्या कंपनीचा क्रमांक असतो. तिथे ‘पीआयडी’ (PID) पुढची चार अक्षरंही टिपून घ्या. इंटेलच्या बाबतीत पीआयडी ००२९ म्हणजे एएक्स २०० कार्ड आणि ००२६ म्हणजे एएक्स २०१.

रेडिओ कोणत्या आवृत्तीचा आहे हेही इथेच कळतं. ‘प्रॉपर्टीज’मधल्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मध्ये ‘एलएमपी’पुढचा पहिला आकडा बघा: ६ म्हणजे ब्लूटूथ ४.०, ८ म्हणजे ४.२, ९ म्हणजे ५.०, १० म्हणजे ५.१, ११ म्हणजे ५.२, १२ म्हणजे ५.३. नवा यूएसबी डोंगल, म्हणजे बाहेरून लावायचा ब्लूटूथ रेडिओ, घेतलात तर तो लावल्या लावल्या हा आकडा तपासा. खोक्यावर ५.० आणि आत एलएमपी ६ असेल, तर पावती घेऊन त्याच दिवशी परत जा.

ड्रायव्हर कुठून घ्यायचा

सुरळीत चालणारा ड्रायव्हर फक्त नवा आला म्हणून बदलू नये. त्रास असेल तरच पुढे जा, आणि त्याआधी सिस्टिमचा रिस्टोर पॉइंट, म्हणजे बिघडलं तर परत येता येईल अशी नोंद, करून ठेवा.

पहिली निवड नेहमी लॅपटॉप कंपनीचं सपोर्ट पान. लॅपटॉपच्या तळाच्या स्टिकरवर मॉडेल आणि सिरियल नंबर असतो. डेलमध्ये त्याला सर्व्हिस टॅग म्हणतात. तो टाकला की तुमच्या यंत्रात बसलेल्या कार्डाचाच ड्रायव्हर मिळतो. एकाच मॉडेलमध्ये कंपनी कधी इंटेल, कधी रिअलटेक, कधी मीडियाटेकचं कार्ड घालते, म्हणून मित्राकडे तेच मॉडेल आहे या भरवशावर त्याची फाइल घेऊ नका. कंपनीचाच ड्रायव्हर पहिला का, याला आणखी एक कारण आहे. इंटेल प्रोसेसरच्या नव्या लॅपटॉपमध्ये ब्लूटूथचा आवाज ‘इंटेल स्मार्ट साउंड’ या भागातून जाऊ शकतो आणि त्याचा ड्रायव्हर ऑडिओच्या पॅकेजमध्ये असतो. ब्लूटूथचा ड्रायव्हर बदलल्यावर हेडफोन ‘कनेक्टेड’ दिसतो पण आवाज येत नाही, तेव्हा कंपनीच्या पानावरून ऑडिओचाही ड्रायव्हर पुन्हा टाकून बघा.

दुसरी निवड चिप बनवणाऱ्या कंपनीची, पण ती मुख्यतः इंटेलपुरती. इंटेल स्वतःच्या संकेतस्थळावर ब्लूटूथचं पॅकेज देतं आणि ते कोणकोणत्या कार्डांना चालतं याची यादीही तिथेच असते. जुनं कार्ड त्या यादीत नसेल तर नवं पॅकेज त्याच्यावर लादू नका, जुनी आवृत्ती शोधा. रिअलटेक, मीडियाटेक आणि क्वालकॉमच्या चिपसाठी लॅपटॉप कंपनीचं पानच खरा आधार.

तिसरी वाट विंडोज अपडेटची. ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’, त्यात ‘ऑप्शनल अपडेट्स’ आणि तिथे ‘ड्रायव्हर अपडेट्स’. सपोर्ट पान बंद पडलेल्या जुन्या लॅपटॉपला हीच वाट उपयोगी पडते. तिथेही काही नसेल तर मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉगमध्ये हार्डवेअर आयडी टाकून शोधता येतं. डाउनलोड झालेली कॅब फाइल (झिपसारखी दाबलेली फाइल) उलगडून एका फोल्डरमध्ये ठेवायची आणि डिव्हाइस मॅनेजरमधून ‘अपडेट ड्रायव्हर’, ‘ब्राउझ माय कॉम्प्युटर’ करून ते फोल्डर दाखवायचं. स्नॅपड्रॅगन प्रोसेसरच्या लॅपटॉपला एआरएम ६४ या त्याच्या प्रकारासाठीच बनवलेला ड्रायव्हर लागतो, इंटेल-एएमडीचा चालत नाही. मॅकबुकमध्ये हा प्रश्नच येत नाही. तिथे ब्लूटूथ मॅकओएसच्या अपडेटसोबतच सुधारतं.

‘एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर अपडेट करा’ म्हणणारी सॉफ्टवेअरं मात्र टाळा. ती चिपच्या नावाशी ढोबळ जुळणारा ड्रायव्हर बसवतात, पैसे मागतात, सोबत नको असलेली सॉफ्टवेअरं आणतात. दुरुस्तीला आलेल्या लॅपटॉपमध्ये असं काही दिसलं तर आधी ते काढा.

डोंगलसोबत छोटी सीडी मिळत असेल तर तिलाही हात लावू नका. त्यात बहुधा वेगळा ब्लूटूथ स्टॅक असतो, म्हणजे विंडोजच्या ब्लूटूथ व्यवस्थेऐवजी आपलीच व्यवस्था बसवणारं सॉफ्टवेअर. विंडोज ७ च्या काळात त्याला अर्थ होता, कारण त्या विंडोजच्या मूळ स्टॅकमध्ये स्टीरिओ संगीत हेडफोनला पाठवण्याची सोय नव्हती. ती विंडोज ८ पासून आली. आज दोन स्टॅक एकत्र आले की दोघेही एका रेडिओवर हक्क सांगतात आणि जोडणी कोलमडते.

डोंगल लावण्याआधी आतला रेडिओ डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘डिसेबल’ करा. ‘अनइन्स्टॉल’ नको, तो रीस्टार्टनंतर परत येतो. विंडोज एका वेळी एकच ब्लूटूथ रेडिओ सांभाळतं. दोन दिसले की एकावर पिवळं चिन्ह येतं आणि त्याच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये कोड १० हा बिघाडाचा क्रमांक दिसतो, आणि लोक चांगला डोंगल खराब समजून फेकतात.

ड्रायव्हर बदलण्याचा क्रम असा. नवी फाइल आधी डाउनलोड करून ठेवा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये रेडिओवर उजवी क्लिक करून ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ निवडा आणि ड्रायव्हर काढून टाकण्याच्या चौकोनावर खूण करा. मग शिफ्ट दाबून धरत ‘शट डाउन’ करा. नेहमीच्या ‘शट डाउन’मध्ये फास्ट स्टार्टअपमुळे विंडोजचा गाभा डिस्कवर साठवला जातो आणि पुढच्या वेळी तोच परत उचलला जातो, म्हणून जुना बिघाडही सोबत येतो. पुन्हा सुरू करून नवं पॅकेज चालवा आणि रीस्टार्ट करा. नव्याने त्रास वाढला तर ‘प्रॉपर्टीज’, ‘ड्रायव्हर’, ‘रोल बॅक ड्रायव्हर’.

कोड २८ म्हणजे ड्रायव्हर मुळात नाही, तो टाकला की काम झालं. कोड ४३ वेगळा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड’ असं दिसत असेल आणि हार्डवेअर आयडीत व्हीआयडी ०००० असेल, तर रेडिओ स्वतःचं नावही सांगू शकत नाहीये. अशा वेळी दहा ड्रायव्हर टाकूनही काही होणार नाही. लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर काढा, पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा, मग पुन्हा सुरू करा. कार्डातला उरलासुरला विद्युतभार निघून गेला की ब्लूटूथचं बटण बऱ्याचदा परत येतं. दोन-तीनदा करूनही नाही आलं तर कार्ड सैल आहे किंवा गेलं आहे. आता तंत्रज्ञाकडे न्या, आणि सांगताना ‘ब्लूटूथ चालत नाही’ एवढ्यावर थांबू नका, कोड आणि आयडी लिहून द्या.

मिटिंगमध्ये आवाज डब्यातून आल्यासारखा का येतो

गाणं छान वाजतं आणि ऑनलाइन लेक्चर सुरू होताच आवाज घोगरा, एकसुरी होतो. हेडसेट बिघडलेला नसतो. जुन्या ब्लूटूथ पद्धतीत संगीतासाठी एक मार्ग आहे, त्यात आवाज फक्त एका दिशेने, पण स्टीरिओ जातो. माइक चालू झाला की हेडसेट फोनच्या मार्गावर येतो, तिथे आवाज दोन्ही दिशांनी जायचा असतो आणि नमुने सेकंदाला ८,००० किंवा १६,०००च घेतले जातात. संगीतासाठी ४४,१०० घेतले जातात. फरक कानाला लगेच कळतो.

उपाय सोपा आहे. झूम, मीट, टीम्स जे असेल त्याच्या ऑडिओ सेटिंगमध्ये स्पीकर म्हणून हेडसेट ठेवा आणि माइक म्हणून लॅपटॉपचा आतला निवडा. विंडोज १० मध्ये एकाच हेडसेटच्या दोन नोंदी दिसतात. ऐकायला ‘स्टीरिओ’वाली घ्या, ‘हँड्स-फ्री’वाली नको. अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागांच्या शेजारी बसून व्यापाऱ्याशी बोलायचं असेल तर मात्र लॅपटॉपचा माइक खटखटाटच पाठवेल. तिथे आवाजाचा दर्जा सोडा आणि तोंडाजवळ दांडीचा माइक असलेला हेडसेट वापरा, शक्यतो वायरचा.

एलई ऑडिओ या नव्या पद्धतीत ही अडचण कमी होते, पण विंडोज ११, तसा रेडिओ, तसा ड्रायव्हर आणि तसा हेडसेट, हे चारही हवेत. रेडिओ ५.३ आहे एवढ्यावर ती सोय मिळतेच असं नाही. मिळत असेल तर ब्लूटूथच्या ‘डिव्हायसेस’ पानावर ‘यूज एलई ऑडिओ व्हेन अव्हेलेबल’ हा पर्याय दिसतो.

दुकानातला बिल प्रिंटर

चादर-टॉवेलच्या किंवा शेंगा चटणीच्या दुकानात ५८ मिलिमीटरचा थर्मल प्रिंटर लॅपटॉपला जोडताना सगळ्यात जास्त वेळ वाया जातो, कारण हा प्रिंटर हेडफोनसारखा वागत नाही. फीडचं बटण दाबून धरत तो चालू केला की बहुतेक प्रिंटर स्वतःची चाचणी पट्टी छापतात. त्यावर ब्लूटूथचं नाव आणि पिन असते. पेअर झाल्यावर लॅपटॉपवर ‘पेअर्ड’ असंच दिसत राहील, ‘कनेक्टेड’ नाही. इथेच लोक पेअरिंग पुसतात आणि पुन्हा पुन्हा करतात. खरं तर ‘पेअर्ड’ दिसणंच बरोबर असतं: हा प्रिंटर सिरियल पोर्टसारखा (विंडोज त्याला ‘कॉम’ पोर्ट म्हणतं) वापरला जातो आणि छपाई सुरू झाली तरच जोडणी उघडते.

‘मोअर ब्लूटूथ सेटिंग्ज’मध्ये ‘कॉम पोर्ट्स’ बघा. दोन पोर्ट दिसले तर ‘आउटगोइंग’ लिहिलेल्याचा नंबर घ्या. हाच एक प्रकार आहे जिथे उपकरणाचा स्वतःचा ड्रायव्हर खरोखर लागतो. प्रिंटर बनवणाऱ्याचा ५८ मिलिमीटरचा विंडोज ड्रायव्हर टाका, पोर्ट म्हणून तो कॉम नंबर द्या, ‘बायडायरेक्शनल सपोर्ट’ची खूण काढा आणि कागदाची रुंदी नीट निवडा. ५८ मिलिमीटरवर एका ओळीत ३८४ ठिपके बसतात, म्हणजे साधारण ३२ इंग्रजी अक्षरं. ८० मिलिमीटरवर ५७६ ठिपके आणि ४८ अक्षरं. मराठी बिल हवं असेल तर विंडोज ड्रायव्हरमधून चित्र म्हणून छापा. प्रिंटरच्या पोटात देवनागरी बहुधा नसते आणि थेट मजकूर पाठवला तर प्रश्नचिन्हं किंवा भलतीच अक्षरं उमटतात.

प्रिंटर एका वेळी एकाचाच असतो. काउंटरवरच्या मोबाइल अ‍ॅपने तो धरला असेल तर लॅपटॉपवरचं बिल रांगेत अडकतं. जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेला, होम मैदानावर स्टॉल लावलात, तर प्रिंटर लॅपटॉपपासून हातभर अंतरावरच ठेवा. हजारो मोबाइलांच्या गर्दीत ब्लूटूथचीच लहर सगळे वापरत असतात.

अंतर, वाय-फाय आणि ऊन

ब्लूटूथ आणि जुनं वाय-फाय दोन्ही २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. आवाज तुटत असेल तर लॅपटॉपचं वाय-फाय ५ गिगाहर्ट्झवर न्या. डोंगल निळ्या यूएसबी ३ पोर्टमध्ये, शेजारी हार्ड डिस्क, अशी मांडणी असेल तर माउस अडखळतो, कारण यूएसबी ३ ची वायर याच लहरींत गोंगाट करते. अर्ध्या ते एक मीटरच्या एक्स्टेन्शन वायरने डोंगल दूर न्या. मोकळ्या जागेत १० मीटर मिळतात, पण जुन्या वाड्याची दगडी भिंत किंवा लोखंडी कपाट मध्ये आलं की पलीकडच्या खोलीत भरवसा नाही. थोडा वेळ न वापरल्यावर माउस झोपत असेल तर रेडिओच्या ‘पॉवर मॅनेजमेंट’मधली ‘अलाऊ द कॉम्प्युटर टू टर्न ऑफ धिस डिव्हाइस’ ही खूण काढा.

एकच बड जोडला जात असेल तर ड्रायव्हरकडे जाण्याआधी डबीतली चार्जिंगची धातूची टोकं बघा. मागाच्या कारखान्यात सुताची बारीक लव तिथे बसते, तो बड चार्ज होत नाही आणि म्हणून जागाही होत नाही. कोरड्या कापसाच्या काडीने पुसा. एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर डबी ठेवू नका. ४५ अंश सेल्सिअसच्या वर लिथियम बॅटरी चार्ज करायची नसते, आणि उन्हातली गाडी आतून त्याहून कितीतरी तापते.

मोबाइलवरून फाइल घेताना

आधी लॅपटॉपवर ‘सेंड ऑर रिसीव्ह फाइल्स व्हाया ब्लूटूथ’ उघडून ‘रिसीव्ह फाइल्स’ दाबा, मगच अँड्रॉइडवरून पाठवा. उलट क्रमाने केलं तर मोबाइल नकार दाखवतो. वेग फार नसतो. १०० एमबीच्या व्हिडिओला सहा-सात मिनिटं तरी लागतात, त्यामुळे फोटो आणि पीडीएफपुरतीच ही सोय वापरा. आयफोनवरून विंडोजला अशी फाइल ब्लूटूथने जातच नाही, तिथे केबल लावा.